माझ्या बायका धाकटीच्या हवाली

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मी म्हणजे कोपऱ्यावरच्या पार्लरची मालकीण, जिला सगळा रस्ता ‘ताई’ म्हणतो, माझ्याहून म्हाताऱ्या बायकासुद्धा. माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळे शाबूत आहेत आणि माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. गोड बोलून माझ्याकडून कोणी सही घेईल अशी शक्यताही नाही, सासरच्या मंडळींकडे चौकशी करून खात्री करून घ्यावी. मी सांगायचं आणि वकीलबाईंनी लिहायचं असं ठरलं होतं, पण चार वाक्यं बोलले की जबडा ठणकतो. म्हणून लिहिते.

कारण नमूद करते. माझ्या खालच्या जबड्यात गाठ आहे आणि उद्या मला दवाखान्यात दाखल व्हायचं आहे. गाठ काढताना हाडाचा तुकडा आणि पुढचे दात जातील असं डॉक्टर म्हणाले. ‘जिवाचं काय?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘आशा ठेवू या.’ मी आयुष्यभर खुर्चीतल्या बाईला ‘अजिबात दुखणार नाही हं’ असं सांगत आले आहे, त्यामुळे असल्या बोलण्यात किती दम असतो ते मला कळतं. दातात दोरा धरूनच हे दुखणं आलं, अशी रस्त्यावर कुजबुज आहे. डॉक्टरांना मी तेही विचारलं. दोऱ्याचा काडीचा संबंध नाही. कुजबुजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी आणि आपापल्या कामाला लागावं.

मी मेले नाही तरी माझं काम गेलंच. भुवई करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं असतं आणि मधला पीळ बोटांनी सरकवत केस उपटायचा असतो. दात नाहीत तर दोरा कशात धरू? दोरा ओढताना मानसुद्धा पुढे-मागे हलते, आणि तोंडातून शब्द काढता येत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, पुढे एका कलमात ते येणार आहे.

मला भीती वाटते. हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही असं वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटलं, मग कुठे लिहू, दुकानाच्या पाटीवर?

१. पार्लरच्या वरच्या दोन खोल्या माझ्या मुलाला. तो दूर राहतो, फोनवर ‘आई, तू काळजी करू नकोस’ म्हणतो आणि काळजी मलाच करायला ठेवतो. मोरीचा नळ गळतो, तो त्याने आधी दुरुस्त करावा आणि मग खोल्या विकायच्या की ठेवायच्या ते ठरवावं. सूनबाई गुणाची आहे. तिला माझं कपाट आणि त्यातलं सगळं. तिने मुलाला न विचारता ते उघडावं.

२. बँकेत जे काही असेल ते आधी दवाखान्याला. उरलं तर मुलाला. उरेल असं वाटत नाही, तेव्हा त्याने उगाच मनात मांडे खाऊ नयेत.

३. खालचं दुकान, दोन्ही खुर्च्या, वाफेचं यंत्र आणि केस वाळवायचं यंत्र कात्रीला. कात्री म्हणजे माझ्याकडे केस कापायला असते ती. तिचं खरं नाव तिची आईसुद्धा विसरली असेल. केस कापण्यात तिचा हात धरणारं या रस्त्यावर कोणी नाही. पण भुवया मी तिच्यावर कधी सोपवल्या नाहीत, कारण ती बोलल्याशिवाय राहू शकत नाही. दोरा दातात धरते, काहीतरी आठवतं, तोंड उघडते आणि दोरा खुर्चीतल्या बाईच्या मांडीवर. हजारदा शिकवलं. पालथ्या घड्यावर पाणी. ती जगेल तोवर दुकान तिचं, मुलाने तिला उठवू नये.

४. भिंतीवरचा मोठा आरसा थोरल्या दिरांना. ‘लोकांचे केस उपटून पोट भरते’ असं ते माझ्या नवऱ्याच्या माघारी जेवायच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले होते. त्यांनी तो आरसा दारात लावावा आणि कानातले केस बघावेत. दुकानाला दुसरा आरसा आहे, कात्रीने काळजी करू नये.

५. जाऊबाईंना काही नाही. का नाही ते त्यांना माहीत आहे.

६. आता मुख्य गोष्ट. माझ्या बायका.

वकीलबाई म्हणाल्या, ‘ताई, गिऱ्हाईक ही मालमत्ता नसते. खुर्ची देता येते, खुर्चीत बसणारी बाई देता येत नाही. ती तिच्या मर्जीने जाईल.’ वकीलबाई स्वतः माझ्याकडे भुवया करायला येतात आणि खुर्चीत बसल्या की कायद्याची सगळी कलमं विसरून किंचाळतात, त्यामुळे मी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलते. मी म्हटलं, ‘मालमत्ता नसते, तर धाकटीने त्या नेल्या तेव्हा माझं घर लुटल्यासारखं का झालं?’ त्यावर त्या गप्प बसल्या. गप्प बसलेल्या वकिलाचं कलम मी मंजूर झालं असं समजते.

तर माझ्या सगळ्या बायका मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या हवाली करते आहे. तिचं पार्लर रस्त्याच्या पलीकडे, माझ्या दारासमोर आहे. आम्ही एकमेकींशी बोलत नाही. हे वाचून कात्रीच्या हातातला कंगवा पडेल, म्हणून आधी भांडण काय होतं ते लिहिते, म्हणजे मागाहून कोणी तिखटमीठ लावायला नको.

हे दुकान आम्ही दोघींनी मिळून काढलं होतं. दोन खुर्च्या, एक माझी, एक तिची. कात्रीची खुर्ची पुढे आली. रविवारी दुकान बंद झालं की ती माझ्या भुवया करायची आणि मी तिच्या, कारण स्वतःच्या भुवया स्वतःला धड करता येत नाहीत. समोरच्या टेलरीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. लहानपणी शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर पडून तिच्या डाव्या भुवईच्या शेपटाशी खोक पडली होती. तो व्रण झाकला जावा म्हणून ते टोक मी कित्येक महिने वाढवत आणलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ती मुलगी धाकटीच्या खुर्चीत बसली. मी दुसऱ्या बाईच्या भुवया करत होते, दोरा दातात. धाकटीने पाठीमागून विचारलं, ‘ताई, हिचं हे टोक साफ करून टाकू का?’ दोरा ओढताना माझी मान हलत होती. तिने तो होकार धरला आणि टोक साफ केलं. व्रण उघडा पडला, मुलगी हंबरडा फोडून रडायला लागली.

मी दोरा थुंकला आणि भरल्या दुकानात म्हणाले, ‘धाकटे, तुझा हात लागला की मेलं काही धड राहत नाही.’

‘तू मान हलवलीस.’

‘मी दोरा ओढत होते.’

‘तू मान हलवलीस, ताई. सगळ्यांनी बघितलं.’

कोणी काही बघितलं नव्हतं, सगळ्या रडणाऱ्या नवरीकडे बघत होत्या. पेन्सिलने भुवई रंगवली, लग्न झकास पार पडलं, नवऱ्याला आजतागायत काही कळलेलं नाही. पण धाकटी दुसऱ्या दिवशी आली आणि तिने आपली खुर्ची उचलली. खरोखरच उचलली, डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडून गेली. मोटारवाले थांबून बघत होते. मागोमाग अर्ध्या बायका गेल्या. आणि ती व्रणवाली मुलगी आज कोणाकडे जाते? धाकटीकडेच. म्हणे, मावशींचा हात हलका आहे.

मान हलवली नव्हती, हे मी आजही सांगते. होकार देताना मान वर-खाली जाते, दोरा ओढताना पुढे-मागे. याच धंद्यात वाढलेल्या बाईला एवढा फरक कळू नये? पुढे तिच्या मुलीचं बारसं झालं, मला बोलावणं नाही. माझे हे गेले तेव्हा ती आली, दारात उभी राहिली, माझ्याकडे न बघता परत गेली. तेव्हापासून रस्त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघी सकाळी शटर उघडतो. मी बघते की तिची डावी भुवई जरा वर चढलेली असते. दोन्ही हातांत दोरा ताणून, आरशात बघून केलेली भुवई तशीच होते. म्हणजे तिनेही दुसऱ्या कोणाला हात लावू दिलेला नाही. माझी उजवी चढलेली असते.

तरीही बायका तिच्याच हवाली का? कारण या रस्त्यावर माझ्यासारखा हात फक्त तिचा आहे. मीच शिकवलाय. पलीकडच्या चौकात नवीन काचेचं पार्लर झालंय, तिथे गार हवा आहे, मंद गाणी आहेत आणि भुवया अशा करून देतात की बाई जन्मभर आश्चर्यचकित दिसते. तिथे माझ्या बायका गेल्या तर माझ्या जिवाला शांती मिळणार नाही. आणि माझ्या बायकांचं असं आहे की त्यांचं काय करायचं ते कुठे लिहिलेलं नाही, माझ्या डोक्यात आहे. डोक्यातलं उद्यापर्यंतच भरवशाचं आहे. म्हणून धाकटीला सूचना:

मास्तरीणबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळं गाव त्यांना टरकून असतं. पहिला दोरा ओढला की डोळ्यांतून धारा लागतात. दुखलं म्हणून नव्हे. नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, घरी रडायची सोय नाही, शाळेत तर नाहीच. भुवईत काढण्यासारखं काही नसलं तरी जरा ओढत राहावं. ‘दुखतंय का?’ असं विचारू नये. विचारलं की त्या थांबतात.

सासू आणि सून, निळ्या फाटकाच्या घरातल्या. दोघी चोरून येतात. ‘मी पार्लरची पायरी चढत नाही’ असं दोघी एकमेकींना सांगतात. सासू दुपारी, सून संध्याकाळी. चुकून समोरासमोर आल्या तर एकीला मागच्या मोरीत कोंडावं. मी एकदा कोंडली आहे.

बँकेतली. तिला दर वेळी बारीक भुवया हव्या असतात, दर वेळी मागाहून पस्तावते आणि शिव्या आपल्याला. ‘नाही’ म्हणावं. रागावून जाईल. कुठे जात नाही.

सगळ्यात महत्त्वाची ती स्कार्फवाली. मोठ्या आजाराच्या औषधांनी तिच्या भुवया, पापण्या, डोक्यावरचे केस, सगळं गेलं. तरी ती नेमाने येते. खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि बोटांनी कपाळाची कातडी ताणून धरते, जशी पूर्वी धरायची. मी दोरा दातात धरते आणि कातडीला न लावता वरच्यावर फिरवते, दोऱ्याचा तो सुर्रर्र आवाज येईल एवढाच. मग पावडर लावते, आरसा दाखवते. ती म्हणते, ‘छान झाल्या.’ मी म्हणते, ‘पुढच्या वेळी जरा लवकर या, फार वाढवता तुम्ही.’ कात्रीला हे जमणार नाही, ती रडेल. धाकटीला जमेल. मागच्या वेळी उजव्या भुवईत लव दिसली मला. ती उपटली जाणार नाही असा हात हवा, म्हणून हे सगळं मृत्युपत्र. बाकी खोल्या, आरसा वगैरे सोबतीला आहेत.

७. मी गेलेच, तर लोकांनी बघायला यायच्या आधी माझ्या भुवया धाकटीनेच कराव्यात. जबडा कसा असेल ते डॉक्टरांच्या हातात, पण भुवया सरळ पाहिजेत. ती आली नाही तर तशीच न्या. काचेच्या पार्लरवाल्यांना बोलावलंत तर उठून बसेन.

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली.

सहीसाठी दोन साक्षीदार लागतात. शेजारचे औषधवाले एक झाले. दुसरी कात्री व्हायला निघाली, तर वकीलबाई म्हणाल्या, ‘ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. झालाच, तर त्याला ठेवलेलं रद्द होतं. काही न मिळणारं कोणीतरी आणा.’ मी म्हटलं जाऊबाईंना आणा. कात्री ‘आलेच’ म्हणून गेली आणि रस्ता ओलांडून धाकटीला घेऊन आली. तिला कोणी सांगितलं होतं?

धाकटी उंबऱ्याशी उभी राहिली. आत बघितलं, तिची खुर्ची असायची त्या जागेकडे बघितलं. मग म्हणाली, ‘मृत्युपत्र करतेस म्हणे.’

‘हो.’

‘मला काय ठेवलंस?’

मी वकीलबाईंकडे बोट केलं. वकीलबाईंनी सहावं कलम वाचून दाखवलं, सगळं, भांडणासकट. धाकटीने शेवटपर्यंत ऐकलं. वाचनात स्कार्फवालीचं आलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. वाचन संपल्यावर नाक पुसलं आणि म्हणाली, ‘साक्षीदाराला ठेवलेलं रद्द होतं, असं आत्ता ही कात्री रस्त्यात बडबडत होती. खरं का?’

‘खरं,’ वकीलबाई म्हणाल्या.

‘मग पेन द्या. मी साक्षीदार.’

‘अहो, पण मग तुमचं कलमच जाईल.’

‘जाऊ दे! हिच्या बायका हिने सांभाळाव्यात. लहानपणापासून बघतेय मी. घर झाडायची वेळ आली की हिच्या पोटात दुखायचं आणि केरसुणी माझ्या हातात. आता हिला मरायचंय आणि केरसुणी पुन्हा माझ्याच हातात? जमणार नाही. दात नसले तर नसले. परत ये, शेजारी बसून मला सांग कसं करायचं ते. पण टाकून जायचं नाही, ताई. सांगून ठेवते.’

एवढ्या वर्षांनी ती मला ‘ताई’ म्हणाली. मला रडू आलं आणि रडताना जबडा दुखतो, म्हणून मी दोन्ही हातांनी हनुवटी धरून रडले. औषधवाले बाहेर जाऊन उगाच रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मग तिने माझं तोंड उजेडाकडे वळवलं. ‘हे काय रान माजवलंयस? अशा भुवया घेऊन दवाखान्यात जाणार? डॉक्टर म्हणतील, हिला वाचवून काय करायचंय.’ तिने मला माझ्याच खुर्चीत बसवलं. कात्रीने दोऱ्याचं रीळ पुढे केलं, ते धाकटीने घेतलं नाही, स्वतःचं कमरेतून काढलं. मी कपाळाची कातडी ताणून धरली. तिने दोरा दातात धरला. हात तसाच आहे, हलका. एवढं मी कबूल करते, फक्त इथे.

अर्धी भुवई झाली तेव्हा मी डोळे मिटूनच विचारलं, ‘मी परत आले नाही, तर त्यांना सांभाळशील ना?’

ती बोलू शकत नव्हती. मी डोळे उघडले. तिची मान हलत होती.

भुवया झाल्या. तिने दोरा काढला आणि म्हणाली, ‘मी मान हलवली नाही. दोरा ओढत होते.’

मी म्हटलं, ‘सगळ्यांनी बघितलं.’

म्हणून कायद्याने सहावं कलम रद्द झालं तरी चालेल. मी तो होकार धरला आहे, आणि तशी इथे नोंद करते आहे. तिची हरकत असेल तर तिने ती मला तोंडावर सांगावी, मी दवाखान्यातून आल्यावर, या दुकानात. त्या दिवशी मला बोलता आलं नाही तर पाटीवर लिहून भांडेन.

हे सर्व मी वाचून बघितलं आहे आणि खालील दोघांच्या समोर सही केली आहे. त्या दोघांनी माझ्यासमोर केली आहे.

ठिकाण: माझं पार्लर, खिडकीजवळची खुर्ची.
तारीख: दाखल व्हायच्या आदला दिवस. आकडे वकीलबाईंनी वर घातले आहेत.

सही: ताई

साक्षीदार पहिले: शेजारचे औषधवाले. सही केली. बाई शुद्धीत होत्या, बऱ्याच.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. सही केली. मला या कागदाने काही नको. मान दोऱ्याने हलली होती. स्कार्फवालीला मंगळवारी माझ्याकडे पाठवा, बाकीचं भांडण ताई परत आल्यावर.